सात मोठी माणसं, दोन घरं: एका छताखाली यायचं की शेजारी राहायचं? (पुणे)

पेठ_ते_उपनगर

नमस्कार. घरातले सातही जण आता सज्ञान आहेत, आणि येत्या वर्षभरात राहण्याची नीट व्यवस्था लावायची आहे. माहिती अशी:

सासरे ७७, सासूबाई ७२. सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, ६६. अविवाहित, बँकेतून निवृत्त, स्वतःचं पेन्शन. आम्ही दोघं ४८ आणि ४६, दोघांच्याही नोकऱ्या. मुलगा २४, हिंजवडीत नोकरी. मुलगी १८, यंदा फर्ग्युसनला पहिलं वर्ष.

नारायण पेठेत १९८४ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे, लिफ्ट नाही. सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते तिघं तिथे राहतात. कर्वेनगरला आमचं टू बीएचके आहे, लिफ्ट आहे, आम्हा दोघांच्या नावावर आहे. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना नकोसा झालाय. सासूबाईंना मधुमेह आहे, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. आत्या ठणठणीत आहेत.

समोर तीन पर्याय आहेत:
अ) दोन्ही घरं विकून एक फोर बीएचके.
ब) पेठेतलं घर भाड्याने देऊन आमच्याच सोसायटीत त्या तिघांसाठी भाड्याने फ्लॅट.
क) बावधन-पाषाण बाजूला ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पात त्यांची सोय.

घरात मतभेद आहेत पण भांडण नाही. सासऱ्यांना 'अ' हवाय, आत्यांना 'ब', मला अजून ठरवता येत नाही. पैसे, कागद आणि घराची रचना या तिन्ही बाजूंनी कुठे चुकतं ते जाणकारांनी सांगावं.

---

आराखडा_७५

ताई, आधी एक कागद घ्या आणि सात जणांची पाच वर्षांनंतरची वयं लिहा. ८२, ७७, ७१, ५३, ५१, २९, २३. मुलगा २९ व्या वर्षी आई-वडिलांच्या शेजारच्या खोलीत असेल, असं धरून घर घेऊ नका. मुलगी कदाचित शिकायला बाहेर असेल. त्याच वेळी सासऱ्यांसाठी दिवसरात्र मदतनीस लागू शकतो, आणि त्या माणसाला झोपायला जागा लागते. म्हणजे सात जणांचं घर पाच जणांचं होईल आणि त्यात एक बाहेरचं माणूस वाढेल. फोर बीएचके घेणाऱ्यांची गफलत इथेच होते. ते आजच्या पटावर खोल्या मोजतात, आणि ताबा मिळून थोडे दिवस होतात तोवर दोन खोल्या कपाटं आणि बॅगा ठेवायला लागतात.

माझं मत 'ब'कडे झुकतं. एकाच इमारतीत, शक्यतो एकाच मजल्यावर किंवा एका मजल्याच्या फरकाने, दोन दारं आणि दोन स्वयंपाकघरं. आपल्या जनगणनेतही 'कुटुंब' ठरवताना एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं धरतात, ते उगाच नाही. चूल कोणाची, यावरच घर कोणाचं हे ठरतं. ७२ वर्षांच्या बाईला नव्या घरात स्वतःचा ओटा मिळाला नाही तर ती पाहुणी होते. आत्यांचा कौल 'ब'ला आहे, त्यामागे हेच असावं.

आता रचनेचं. भाड्याचा असो की विकतचा, फ्लॅट बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या.

बाथरूमचं दार. बहुतेक इमारतींत ते अडीच फुटांचं असतं. चौकट आणि बिजागरी वजा जाता हाती साधारण दोन-सव्वादोन फूट मोकळी जागा उरते. वॉकर कसाबसा जातो, व्हीलचेअर अडकते. मोकळी जागा निदान ८०० मिमी हवी, ९०० असेल तर उत्तम. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. माणूस आत पडला तर तो दाराला अडतो आणि बाहेरून दार उघडता येत नाही. आतल्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने फिरवता येणारं कुलूप बसवा, दोन-चारशे रुपयांचं काम आहे.

पकडदांड्या (ग्रॅब बार). व्यास ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून अंतर साधारण ५० मिमी. कमोडशेजारची आडवी दांडी बैठकीच्या २०० ते २५० मिमी वर, आणि शॉवरजवळ एक उभी. कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच हवी. जुने कमोड ४०० च्या आसपास असतात, गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठणं कठीण जातं. वर बसवायचे उंच सीट मिळतात, पण क्लॅम्पने घट्ट आवळले जाणारेच घ्या, नुसते ठेवलेले घसरतात.

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक सांगतो. पुण्यातल्या गेल्या काही वर्षांतल्या इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्या ठोकळ्यात साधा नायलॉनचा गुल्ला आणि स्क्रू मारून दांडी बसवली की ती टॉवेल पेलते, माणूस पेलत नाही. पहिल्यांदा पूर्ण भार आला की गुल्ला भुशासारखा निघून येतो. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा, किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन पलीकडे लोखंडी पट्टी द्या. प्लंबर "बसेल हो" म्हणेल, तरी बसवल्यावर त्यालाच सगळा भार टाकून लोंबायला सांगा. टाइल आतून पोकळ वाजत असेल तर तिथे भोक पाडू नका, जागा बदला.

पलंग ते कमोड हे अंतर पावलांत मोजा. सासूबाई रात्री दोन-तीनदा उठतात, तेव्हा वाटेत सतरंजी, उंबरठा किंवा टीपॉय नको. हालचालीने लागणारे दोन दिवे प्लगमध्ये लावले की काम होतं. बाथरूमच्या तोंडाशी अर्धा इंचाची पट्टी असते तिला उतार करून घ्या, चप्पल तिथेच अडते.

लिफ्ट. आठ माणसांच्या नेहमीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. तेरा माणसांच्या खोल लिफ्टमध्ये मावतं. सोसायटीत अशी एक तरी लिफ्ट आहे का आणि तिला जनरेटर आहे का, हे रखवालदाराला विचारा. एजंटकडून याचं खरं उत्तर मिळण्याची खात्री नसते.

पुढे दोन शेजारचे फ्लॅट घेऊन मधलं दार पाडायचा विचार आला, तर आधी भिंत कशाची आहे ते बघा. अ‍ॅल्युमिनियम साच्याने, म्हणजे मायवान पद्धतीने बांधलेल्या इमारतीत भिंतीच सिमेंट काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे दार पाडता येत नाही. वीटकाम किंवा सिपोरेक्स असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी घेऊन करता येतं. तरीही दुसरं स्वयंपाकघर मोडू नका, फ्लॅट पुन्हा वेगळे करायची वेळ येते.

---

हिशेबी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पैशाच्या बाजूने 'अ'मधले खड्डे दाखवतो.

पेठेतलं घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ते विकलं तर भांडवली नफा त्यांचा, कर त्यांचा. राहतं घर विकून दुसरं घर घेतलं की मिळणारी सूट, जिला सगळे कलम ५४ ची सूट म्हणतात, ती नवं घर विकणाऱ्याच्या नावावर असेल तरच निर्धास्तपणे मिळते. लोक सासऱ्यांचं घर विकतात आणि नवं घर कर्ज मिळावं म्हणून मुलाच्या नावावर घेतात. मग सूट अडचणीत येते. नव्या घरात सासऱ्यांचं नाव आणि त्यांच्या पैशाएवढा हिस्सा करारात लिहिलेला असावा. मुदत अशी: विक्रीच्या एक वर्ष आधी ते दोन वर्षं नंतर खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर ते बँकेत 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवावे लागतात, साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. नवं घर तीन वर्षांत विकलं तर सूट परत जाते.

घर १९८४ चं आहे म्हणून आणखी एक. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेला त्या तारखेची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. १९८४ ची खरेदी किंमत धरून कर काढला तर उगाच फुगतो. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असल्यामुळे १२.५ टक्के (महागाई निर्देशांकाशिवाय) किंवा २० टक्के (निर्देशांकासह) यातला कमी येईल तो कर भरण्याची मुभा आहे. दोन्ही आकडे काढून बघा, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका.

आता एक गाठ. पुणे शहरात खरेदीवर मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, सगळ्या खरेदीदार स्त्रिया असतील तर ६ टक्के. दीड कोटीच्या घरावर दीड लाख वाचतात. म्हणून एजंट सुचवतात, "घर सासूबाई आणि सूनबाईंच्या नावावर घ्या." पण विकणारे सासरे, त्यांचं नाव नव्या करारात नाही, मग वरची सूट धोक्यात. दीड लाखासाठी कितीतरी मोठा कर ओढवून घेऊ नका.

'ब'चं गणित सोपं आहे. समजा भाडं २८,००० आणि अनामत १ लाख, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. एकूण भाडं ३,०८,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने ११ महिन्यांचं मानीव व्याज ९,१६७. बेरीज ३,१७,१६७, त्याचे पाव टक्के म्हणजे ७९३, वर गोल करून ८०० रुपये मुद्रांक. नोंदणी फी शहरात १,०००. नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, नोटरी करून भागवू नका. घरबसल्या ऑनलाइन होते, फक्त सगळ्यांचं आधार मोबाइलला जोडलेलं हवं. वृद्धांच्या बोटांचे ठसे झिजल्याने कधीकधी यंत्र घेत नाही, तेव्हा करार घरातल्या तरुण माणसाच्या नावावर करून राहणाऱ्यांत तिघांची नावं घाला.

पेठेतलं घर भाड्याने दिलंत की महापालिकेच्या मिळकतकरातली स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत जाते. ती सवलत मालक स्वतः राहतो म्हणून असते आणि पीटी-३ अर्जावर टिकते. हा फरक भाड्यातून वजा करूनच उत्पन्न मोजा. दुसरं, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला कुटुंबापेक्षा विद्यार्थी भाडेकरू जास्त मिळतात. सोसायटीची त्यावर हरकत आहे का ते आधी विचारा.

वीज. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. दोन घरांत प्रत्येकी १८० युनिट लागत असतील तर दोन्ही ३०० च्या आत. एकाच मीटरवर ३६० झाले की वरचे ६० युनिट महागड्या टप्प्यात, आणि स्वस्त पहिले १०० एकदाच मिळतात. उन्हाळ्यात एसी लागले की फरक आणखी वाढतो. दोन मीटरचा स्थिर आकार दोनदा भरूनही बहुतेक वेळा दोन घरं वाईट पडत नाहीत. "एकत्र राहिलं की खर्च वाचतो" हे किराणा आणि कामवाल्या मावशींच्या पगारापुरतं खरं आहे, विजेला लागू पडत नाही.

आरोग्य विमा एकत्र करू नका. फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच छत्र असलेल्या पॉलिसीचा हप्ता सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. सासऱ्यांना तुमच्या पॉलिसीत घेतलंत तर २४ वर्षांच्या मुलाचा हप्ताही ७७ च्या हिशेबाने जातो, आणि त्यांच्या एका ऑपरेशनमध्ये सगळ्यांचं छत्र संपतं. सासरे आणि सासूबाई दोघंही सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांची आयुष्मान वय वंदना कार्डं काढा. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांचं छत्र आहे. नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का ते आधी बघा. आत्या ६६ च्या, त्यांना चार वर्षं थांबावं लागेल, म्हणून त्यांची स्वतःची पॉलिसी अजिबात बंद पडू देऊ नका.

---

पेठ_ते_उपनगर

फारच उपयोगी, मनापासून आभार. दोन गोष्टी अजून.

एक, सासरे म्हणतात की पेठेतलं घर आत्ताच बक्षीसपत्राने यांच्या नावावर करतो, म्हणजे पुढे कटकट नको. करावं का? यांना एक बहीण आहे, नाशिकला असते. आणि आत्यांचं काय? त्या तीस वर्षं त्याच घरात राहतायत.

दोन, मुलाकडून घरखर्चाला पैसे घ्यावेत का, किती? तो द्यायला तयार आहे, पण यांना ते बरं वाटत नाही.

---

दस्त_आणि_दाखले

पहिल्या प्रश्नाला उत्तर: घाई करू नका. त्याआधी ते घर सासऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलंय की त्यांच्या वडिलांकडून आलंय, हे बघा. मूळ खरेदीखत काढा आणि त्यावरचं नाव वाचा.

स्वतः घेतलं असेल तर ते कोणालाही देऊ शकतात, आत्यांचा त्यात कायद्याने वाटा नाही. पण घर किंवा त्यामागची जागा आजेसासऱ्यांची असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आत्या त्यांची मुलगी म्हणून भावाच्या बरोबरीने वारस आहेत. हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, २००५ च्या दुरुस्तीची वाट बघायला नको. अशा वेळी त्यांची सही नसेल तर विक्री काय, पुनर्विकासाचा करारही अडतो. आणि कृपा करून त्यांच्याकडून "नुसती सही करा" म्हणून हक्कसोडपत्र घेऊ नका. ६६ वर्षांच्या एकट्या बाईने हक्क सोडायचा, तर बदल्यात तिच्या राहण्याची लेखी आणि पक्की तरतूद आधी झाली पाहिजे. यात घरोघर अन्याय होतो, आणि तो करणारे लोक वाईट नसतात, त्यांना फक्त "आत्या कुठे जाणारेत" असं वाटत असतं.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, नवरा, बायको, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. ही सवलत सुनेला नाही (दिवंगत मुलाच्या पत्नीला आहे), भावंडांनाही नाही. इतकं स्वस्त म्हणूनच लोक उरकून टाकतात. पण बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी जाते. उद्या सासऱ्यांना त्या घराच्या बळावर दुसरं घर घ्यायचं असेल, उपचारांसाठी विकायचं असेल, तर त्यांच्या हातात काही राहत नाही.

तरीही करायचंच ठरलं, तर दस्तातच अट लिहा की घेणारा देणाऱ्याची देखभाल आणि मूलभूत गरजा भागवेल. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं, आणि दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मागायची असते. अट दस्तात हवी, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बोट ठेवलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा हेतू बघून ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. उदार अर्थाच्या भरवशावर दस्त करू नये. दोन ओळी जास्त लिहिल्या की प्रश्नच मिटतो.

माझा सल्ला: घर सासऱ्यांच्या नावावरच राहू द्या आणि मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं. दोन साक्षीदार, शक्यतो त्यांच्याहून बरेच लहान वयाचे आणि ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे. त्याच दिवशी ओळखीच्या डॉक्टरांचा 'शुद्धीत आणि समजून' असल्याचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. नाशिकच्या ताईंना काय द्यायचं किंवा का द्यायचं नाही, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. नाव गाळलं की शंका येते. आत्यांसाठी 'हयात असेपर्यंत या घरात किंवा त्याऐवजी घेतलेल्या घरात राहण्याचा हक्क' असं कलम घाला. 'त्याऐवजी घेतलेल्या' हे शब्द विसरू नका, नाहीतर घर विकल्यावर कलम पोकळ होतं.

सोसायटीत नामनिर्देशन करा, पण त्याला मृत्युपत्र समजू नका. नॉमिनी मालक होत नाही, वारस ठरेपर्यंत तो सांभाळणारा असतो.

आत्या नव्या घरात स्वतःची पुंजी घालणार असतील, तर करारात त्यांचं नाव आणि टक्केवारी आलीच पाहिजे. घरातल्या घरात दिलेले पंधरा-वीस लाख दहा वर्षांनी कोणाला आठवत नाहीत.

---

सोसायटी_सचिव_बाणेर

सोसायटीच्या बाजूचं थोडक्यात.

तुमच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं राहिली तर ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) लागत नाही. भाडेकरू असेल तरच लागतं, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच (महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत). १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशापासून ही मर्यादा आहे. सासरे तुमच्या सोसायटीत भाड्याने आले तर ते शुल्क त्या फ्लॅटच्या मालकाने भरायचं. करारात ते तुमच्या गळ्यात घातलंय का बघा.

पार्किंग आधी ठरवा. भाड्याच्या फ्लॅटची जागा बहुतेक वेळा मालक स्वतःकडे ठेवतो. अँब्युलन्स तुमच्या विंगच्या दारापर्यंत येते का, हे शनिवारी संध्याकाळी सगळ्या गाड्या लागलेल्या असताना बघा.

पाणी कोणत्या वेळेला येतं, टँकर कधीपासून लागतो, तेही विचारा. दिवसभर घरात असणाऱ्या तीन माणसांना पाण्याची वेळ जास्त जाणवते.

पेठेतल्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर घर विकण्याआधी थांबा. पण विकसकाशी नोंदणीकृत करार आणि बँक हमी होईपर्यंत त्याच्याकडून मिळणाऱ्या भाड्यावर नि कॉर्पसवर (एकरकमी रकमेवर) एक रुपयाचीही योजना आखू नका. पेठांमध्ये अरुंद रस्ता आणि लहान प्लॉट यामुळे बोलणी वर्षानुवर्षं रखडतात.

---

हिशेबी

मुलाकडून पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. फक्त त्याला 'भाडं' म्हणू नका आणि रोख हातात घेऊ नका. त्याच्या नावावर ठरावीक बिलं लावा: इंटरनेट, पाइप गॅस, आजी-आजोबांची औषधं. रक्कम लहान-मोठी कशीही असो, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप जाईल असं करा. बिल चुकलं की त्याला कळतं, वडिलांना बोलावं लागत नाही. तुमच्या यांना जे 'बरं वाटत नाही' ते पैसे मागण्याचं असतं, बिल वाटून घेण्याचं नसतं.

मुलाची जुनी कररचना असेल तर आई-वडिलांच्या मालकीच्या घराचं भाडं खरोखर बँकेतून देऊन घरभाडे भत्त्याची सूट घेता येते, पण तुम्हाला ते उत्पन्न दाखवावं लागतं. नव्या रचनेत ही सूट नाही. तुम्ही दोघंही मिळवते असल्याने एकंदर फायदा जवळपास शून्य, त्यात पडू नका.

सामायिक खर्चाला एक वेगळं बँक खातं काढा, दोघांच्या सहीचं: एक तुमच्या घरातला, एक आत्या. आत्या बँकेत होत्या, हिशेब त्यांच्याकडे देण्यासारखं उत्तम काही नाही. सगळीच वाटणी डोक्यागणिक नको, नाहीतर पेन्शनवरच्या माणसावर आणि पगारदारावर सारखाच बोजा पडतो. किराणा डोक्यागणिक, भाडं आणि देखभाल मिळकतीच्या प्रमाणात, आणि आजारपण वेगळ्या राखीव रकमेतून. निदान सहा महिन्यांच्या मदतनिसाच्या पगाराइतकी ती असावी. दिवसरात्रीचा माणूस ब्यूरोकडून घेतला की खर्च एकदम वाढतो, आणि तो आधी मांडलेला नसतो म्हणून त्यावरून घरात कटुता येते.

---

आराखडा_७५

'क'बद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प पुण्यात चांगले आहेत, अथश्रीची उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात ९०० मिमीची दारं, उतार, कठडे हे सगळं आहे. बघायला जाल तर हीच मोजपट्टी तिथेही लावा. पण तुमच्या घरात ६६ च्या आत्या स्वतः हिंडत्या-फिरत्या आहेत, सासूबाईंचं भाजी-देऊळ-ओळखीपाळखी सगळं पेठेत आहे. तिथून थेट शहराच्या कडेला नेलं की पहिल्या सहा महिन्यांत माणसं मलूल होतात. कर्वेनगरहून निदान रिक्षाने लक्ष्मी रोड गाठता येतो. आधी तिथल्या पाहुण्यांच्या खोलीत आठवडाभर राहता येतं का ते विचारा. आणि नाश्ता-जेवण सक्तीचं आहे का, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठेवतात की दुसरीकडे हलवायला सांगतात, मृत्यूनंतर फ्लॅट वारसाला राहायला मिळतो की फक्त विकायला, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

माझा क्रम असा राहील. ११ महिन्यांचा करार जूनच्या आधी करा, म्हणजे पावसाळा त्यात येतो. ओल, लिफ्ट बंद पडणं, कपडे वाळणं, रिक्षा न मिळणं, सगळं चार महिन्यांत कळतं. तोवर पेठेतलं घर भाड्यानेही देऊ नका, तसंच कुलूप लावून ठेवा. तीन-चार महिन्यांचं भाडं बुडेल, पण परत जायची वाट मोकळी आहे हे माहीत असलं की सासरे नव्या घराला संधी देतील. दिवाळीनंतर ठरवा.

---

पेठ_ते_उपनगर

आज रात्री आत्यांना हा धागा वाचून दाखवला. मृत्युपत्रातलं राहण्याच्या हक्काचं कलम ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, पण सामायिक खात्याची वही उद्यापासून घालते म्हणाल्या. खरेदीखत सासऱ्यांच्या कपाटात आहे, शनिवारी काढतो. आमच्या विंगला दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट मे महिन्यात रिकामा होतोय.

शेवटचं एक. किल्ल्या कोणाकडे कशा ठेवाव्यात? दोन्ही घरांच्या सगळ्यांकडे?

---

आराखडा_७५

त्यांच्या घराची एक किल्ली तुमच्याकडे, एक रखवालदाराच्या पेटीत बंद पाकिटात, वर सही करून. तुमच्या घराची एक आत्यांकडे. बाकी कोणाकडे नाही. आणि किल्ली असली तरी बेल वाजवायची, दोन्ही बाजूंनी. त्यांच्या दाराला आतून साखळी किंवा वरची कडी लावायची सवय असेल तर ती आधी काढून टाका, नाहीतर लागेल तेव्हा किल्लीचा उपयोग होणार नाही. फ्लॅट रिकामा झाला की मापं टाका, बाथरूमचं दार बघून सांगतो.